उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरानावर गाव वसविणारा माणूस

'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. परंतु ही म्हण स्वतःच्या आयुष्यात खरी करून दाखविणारी माणसे मात्र थोडी. अशा थोड्यांपैकी एक म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांनी कारखाना तर काढलाच, पण त्याचबरोबर निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर एक गाव वसविले. त्या गावास आज किर्लोस्करवाडी म्हणतात.

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत एका कारखानदाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा अडचणीच्या त्या काळात लक्ष्मणरावांना हात मिळाला तो औंध येथील मंदिराच्या सभामंडपाच्या कामाचा. त्या कामातून आणि औंधच्या राजेसाहेबांच्या स्नेहातून पुढे किर्लोस्करवाडी जन्मास आली. देवळाचे काम आणि गावाचे काम ही दोन वेगळी कामे नव्हेत, हे या हकिकतीवरून ध्यानात येते. म्हणून ती येथे सविस्तर दिली आहे.

जन्म आणि बालपण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा भाग आता कर्नाटक राज्यात आहे. किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातील किर्लोस गावचे, म्हणून आडनाव किर्लोस्कर. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचाही जन्म गुर्लहोसूरचाच. एकाच गावाने महाराष्ट्राला एक नाटककार आणि एक यंत्रकार दिला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचा व्यासंग असणारे गृहस्थ होते. मुलाने शिकावे आणि चारचौघांसारखी नोकरी धरावी, अशी त्या काळच्या घरांची रीत. लक्ष्मणरावांचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकापेक्षा चित्रे काढण्याकडे आणि हाताने काही बनविण्याकडे अधिक असे. चित्रकला शिकण्याचा त्यांनी हट्ट धरला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते दाखल झाले.

तेथे दैवाने एक वेगळीच परीक्षा पाहिली. चित्रकार होण्यास निघालेल्या या तरुणाच्या डोळ्यांत रंगांध दोष आहे, काही रंग त्यास नीट ओळखता येत नाहीत, असे आढळून आले. रंगकामाची वाट बंद झाली. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी यंत्रांच्या आराखड्यांच्या चित्रकलेकडे मोर्चा वळविला. तेथे रंगाचे काम नाही, रेघ अचूक पाहिजे. ती विद्या त्यांनी इतकी आत्मसात केली की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते याच विषयाचे शिक्षक झाले. शिकवता शिकवता त्यांनी तेथील यंत्रे पाहिली, हाताळली, पुस्तके वाचून त्यांची अंगे समजून घेतली. पुढील सर्व आयुष्याची शिदोरी त्यांना येथे मिळाली.

नोकरीस रामराम

याच काळात त्यांनी आपले वडील बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगाव येथे सायकलींचा व्यवहार सुरू केला होता. 'किर्लोस्कर बंधू' या पेढीची सुरुवात १८८८ सालची धरली जाते. सायकल ही त्या वेळी मोठी नवलाईची वस्तू. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी बेळगावात त्या विकाव्यात, गिऱ्हाइकास बसावयासही शिकवावे, असा क्रम होता. ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्यास पुढे किर्लोस्कर रोड असे नाव पडले.

मुंबईच्या संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली तेव्हा ती लक्ष्मणरावांना मिळेल असे वाटत होते. परंतु राज्य इंग्रजांचे. हाताखालच्या माणसाचे काम पाहण्याऐवजी त्याची जात-कातडी पाहण्याचा तो काळ. बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी आपसांत कुरकुर केली नाही, अर्जविनंत्याही केल्या नाहीत. १८९७ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. बांधलेल्या पगाराची भाकरी सोडून देणे सोपे नसते. घरात बायकामुले असतात, महिन्याच्या महिन्याला वाण्याचे बिल असते. त्यांच्या पत्नी राधाबाई यांनी या सर्व चढउतारांत त्यांची साथ केली.

कडबाकुट्टी आणि लोखंडी नांगर

सायकली विकून पोट भरले असते. परंतु लक्ष्मणरावांच्या मनाने घेतले होते की, दुसऱ्याने बनविलेला माल विकण्यापेक्षा आपण स्वतः काही बनवावे, आणि बनवावे ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे असावे. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला तर ते पाला खाते आणि बुडखे तुडवून टाकते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. कुट्टी करून घातली तर वैरण पुरवठ्यास येते. दुष्काळी मुलखात ही लहान गोष्ट नव्हे.

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. असे नांगर तोवर विलायतेहून येत. ते पाहून, खोलून, त्याचा एकेक भाग आपल्या भट्टीत ओतून लक्ष्मणरावांनी देशी नांगर तयार केला. नांगर तर झाला, पण घेतो कोण? लोखंड जमिनीत गेले की जमिनीला विष भिनते, पीक येत नाही, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात.

आज या समजुतीस हसू येते. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. त्याचा नांगर बाभळीच्या लाकडाचा. तो गावचा सुतार करून देई आणि त्याबद्दल सुतारास खळ्यावर बलुते मिळे. रोख पैशाचा संबंध नव्हता. नांगर मोडला तर सुतार घराशेजारी. लोखंडी नांगरास मात्र रोख पैसे मोजावयाचे, आणि तो मोडला तर जावयाचे कोठे? शिवाय एक हंगाम फसला तर वर्षभर घरात दाणा नाही. तेव्हा शेतकऱ्याने सावधपणा दाखविला, यात त्याचे फारसे चुकले असे म्हणता येत नाही.

लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर मातीचा थर कापून उलथा करतो. त्यामुळे हराळी, कुंदा यांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात आणि खालची माती वारा-उन्हास लागते. हा फरक तोंडाने सांगून पटत नाही. दोन तास नांगर चालला आणि ढेकळे उलटी पडलेली दिसली, म्हणजे मग पटतो. एकाने घेतला, त्याचे रान पाहून शेजाऱ्याने घेतला. हळूहळू शंका फिटत गेली. नांगराचा फाळ झिजला तर तोच फाळ पुन्हा मिळतो आणि बरोबर बसतो, हे जेव्हा लोकांच्या अनुभवास आले तेव्हा 'मोडला तर जावयाचे कोठे' हा प्रश्नही सुटला. देशी कारखान्याचा मोठा लाभ तो हाच होता.

जागा खाली करण्याची पाळी

नांगराचा जम बसू लागतो न लागतो तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव नगरपालिकेस शहराची नवी वसाहत वाढवावयाची होती. किर्लोस्करांचा कारखाना ज्या जागेवर होता ती जागा या कामासाठी हवी होती. कारखाना हलवावा असे त्यांना सांगण्यात आले.

नगरपालिकेच्या कागदावर ही एक जागा होती. लक्ष्मणरावांच्या दृष्टीने ती दहा-बारा वर्षांची मेहनत होती. भट्टी उखडली म्हणजे काम बंद, काम बंद म्हणजे कारागीर पांगणार, आणि पांगलेला कारागीर पुन्हा मिळत नाही. नवी जमीन घ्यावी तर गाठीस तेवढे भांडवल नाही. वय चाळिशीला आलेले. नोकरी केव्हाच सोडलेली. या वयात संसार आणि कारखाना दोन्ही पाठीवर घेऊन कोठे जावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

सभामंडप आणि माळ

याच सुमारास त्यांना औंध येथील मंदिराच्या सभामंडपाचे बांधकाम करण्याचे काम मिळालेले होते. औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव भागातील गाव. तेथील श्रीयमाई देवी हे औंधच्या पंतप्रतिनिधींचे आराध्यदैवत. संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले. हे राजेसाहेब स्वतः चांगले चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी जन्मभर केला. कारागिराची किंमत त्यांना कळत होती. लक्ष्मणरावांचे काम पाहून, त्यांची अडचण ऐकून त्यांनी आपल्या संस्थानात येऊन कारखाना काढण्याविषयी त्यांना सांगितले.

औंध संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे. तीही सलग नव्हेत. सातारा, सांगली आणि विजापूर या तीन जिल्ह्यांत आज जी गावे आहेत तेथे त्याचे तुकडे विखुरलेले होते. त्यांपैकी कुंडलचा भाग औंधपासून दूर होता, परंतु पुणे-मिरज रेल्वेमार्ग त्याच्या जवळून जात होता आणि तेथे 'कुंडल रोड' नावाचे स्टेशन होते. कोळसा व कच्चे लोखंड आणावयाचे आणि तयार नांगर पाठवावयाचा, तर रेल्वे पाहिजे. हे ध्यानात घेऊन या स्टेशनाजवळची जागा निश्चित झाली. राजेसाहेबांनी ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले.

त्या काळी दहा हजार ही लहान रक्कम नव्हती. समोरचा माणूस उखडलेल्या कारखान्याचा मालक. त्याचा नांगर घेण्यास लोक कां-कूं करीत होते. अशा माणसावर एका लहान संस्थानिकाने एवढा भरवसा टाकला. राजेसाहेबांनी या एका गोष्टीने थांबले नाही. पुढे ओगले बंधूंनाही त्यांनी असाच आश्रय दिला. त्यातून १९१६ साली ओगल्यांचा काच कारखाना निघाला, कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली आणि 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. तिजोरी लहान असूनही औंधच्या राजाने दोन गावे वसविण्यास हातभार लावला.

१९१० साल

१९१० साली लक्ष्मणराव आपली यंत्रे, सामानसुमान आणि माणसे घेऊन कुंडल रोड स्टेशनावर उतरले. समोर काय होते? फड्या निवडुंगाचे रान, दगडगोटे आणि साप. पाण्याची सोय नाही, सावलीला झाड नाही, दुकान नाही, वैद्य नाही, शाळा नाही. सोबत आलेल्या बायकामाणसांच्या मनात त्या दिवशी काय आले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

लक्ष्मणरावांनी एकाच वेळी दोन कामे हाती घेतली. एकीकडे कारखाना उभा करावयाचा आणि दुसरीकडे माणसे राहण्याजोगे गाव करावयाचे. निवडुंग तोडला, जमीन साफ केली, पाण्याची व्यवस्था केली, छपरे घातली. रामुअण्णांनी वसाहतीच्या उभारणीकडे लक्ष पुरविले. शंभूराव जांभेकर यंत्रांच्या जोडणीच्या कामात होते. मालक आणि कामगार एकाच माळावर, एकाच उन्हात काम करीत. हळूहळू घरांच्या ओळी झाल्या, रस्ते आखले गेले, झाडे लागली, शाळा आली, टपाल आले. वाडीला नाव पडले किर्लोस्करवाडी, आणि पुढे रेल्वेने स्टेशनचे नावही कुंडल रोड बदलून किर्लोस्करवाडी केले. कारखान्याभोवती योजून वसविलेल्या गावांत जमशेटपूरच्या पाठोपाठ आपल्या देशात किर्लोस्करवाडीचे नाव घेतले जाते. जमशेटपूरच्या मागे टाटांचे भांडवल होते. किर्लोस्करवाडीच्या मागे कर्जाचे दहा हजार रुपये आणि मूठभर माणसे होती.

माणसांची पारख

या मूठभर माणसांविषयी सांगणे अगत्याचे आहे, कारण लक्ष्मणरावांचा खरा गुण येथे दिसतो. त्यांनी माणसे निवडली ती प्रशस्तिपत्रके पाहून नव्हे. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत यश न मिळालेले विद्यार्थी. ते कारखान्याचे व्यवस्थापक झाले आणि पडेल ते काम त्यांनी निभावले. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले. ते कल्पक यंत्रकार म्हणून नावारूपास आले. मंगेशराव रेगे हे साधे कारकून. ते हिशेबखात्याचे प्रमुख झाले. परीक्षेच्या गुणपत्रिकेत माणसाची सगळी किंमत लिहिलेली नसते, याची ही तीन उदाहरणे आहेत. आपल्या मुलाने परीक्षेत मार खाल्ला म्हणून निराश होणाऱ्या आईबापांनी ती ध्यानात ठेवावीत.

याहून विशेष गोष्ट राखणदारांची. माळावर नवी वस्ती, आसपास चोरांचे भय. रात्रीच्या राखणीस लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना नेमले. या दोघांनी दरोड्याच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगलेली होती. गावोगावी ज्यांच्या नावाने दारे लागत, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी वाडी सोपविली. आणि या दोघांनी ती विश्वासाने राखली. ज्याला कोणी दारात उभे करीत नव्हते त्याला घराची राखण दिली, तेव्हा तो माणूस बदलला. याच औंध संस्थानात पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. त्यावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याच्या कितीतरी आधी किर्लोस्करवाडीच्या माळावर हा प्रयोग होऊन गेला होता.

लक्ष्मणरावांचे घराणे वेदान्ती, कर्मठ वळणाचे. परंतु किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांनी दंडक घातला. हा काळ कोणता हे पाहिले पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० सालचा. गावोगावचे पाणवठे आणि देवळे वाटून घेतलेली असताना या वाडीत हा भेद नाकारला गेला. भट्टीतील रस साच्यात ओतावयाचा तर चार माणसांचे हात एकाच वेळी एकाच कामास लागावे लागतात. तेथे कोणाचा हात शिवावयाचा आणि कोणाचा नाही, हे पाहत बसले तर नांगर व्हावयाचा नाही. ज्या गावात सर्वांच्या वर्गणीने आणि सर्वांच्या श्रमाने मंदिर उभे राहते, त्या गावाने हा धडा विसरता कामा नये.

तोफांचे नांगर

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे कमी झाले, त्यामुळे देशी नांगरास मागणी वाढली. पण त्याचबरोबर कच्चे लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दारात उभे आणि भट्टीत घालण्यास बीड नाही, अशी अवस्था आली. अशा वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी झालेल्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर करण्यात आले. ज्या तोफांनी एके काळी शत्रूवर गोळे टाकले, त्यांचे लोखंड शेतकऱ्याच्या रानात नांगराचा फाळ होऊन उतरले. औंधचे राजे आणि कोल्हापूरचे महाराज, दोघेही एका नांगर करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावह आहे.

कारखान्याची वाढ

१५ जानेवारी १९२० रोजी 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदविण्यात आली. नांगराच्या जोडीला उसाचा लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप अशी शेतकऱ्याच्या रोजच्या कामाची यंत्रे निघू लागली. १९२६ साली वाडीत पाणी उपसण्याचा फिरत्या पंख्याचा पंप तयार झाला. विहिरीवर चार बैलांची मोट दिवसभर चालवून जेवढे रान भिजे, त्याचे गणित या पंपाने बदलले. कृष्णाकाठच्या मळ्यांत ऊस आणि बागाईत वाढले, त्यास धरणे-कालवे कारण आहेत तसा पंपही कारण आहे. पुढे लोखंडी खुर्च्या, टेबले, पलंगही तेथे होऊ लागले.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध यंत्रविद्यापीठातून पदवी घेऊन १९२६ साली परतले आणि वाडीतील कारखान्यातच कामास लागले. अमेरिकेहून शिकून आलेल्या मुलास मुंबईत वा परदेशात मोठी जागा मिळाली असती. वडिलांच्या माळावर येऊन त्याने कामास सुरुवात केली, यात वडिलांची शिकवण दिसते. पुढे शंतनुरावांनी या उद्योगाचा मोठा विस्तार केला. हरिहर येथे यंत्रे बनविणारी यंत्रे, बंगलोर येथे विजेच्या मोटारी आणि पुणे येथे १९४६ पासून तेल इंजिने निघू लागली. विहिरीवर इंजिनाचा आवाज येऊ लागला म्हणजे 'किर्लोस्कर चालू झाले' असे म्हणण्याची पद्धत कित्येक गावांत पडली, इतके ते नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसले.

वाडीतून यंत्रांबरोबर विचारही बाहेर पडले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी होते. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. 'स्त्री' मासिकाने घरोघरच्या स्त्रियांना वाचावयास आणि विचार करावयास लावले. जेथे एके काळी साप फिरत होते त्या माळावरून ही मासिके साऱ्या महाराष्ट्रात जात असत.

आगीचे दिवस

१९४८ साल मात्र अत्यंत कठीण गेले. ३० जानेवारीस महात्मा गांधींचा खून झाला. खुनी माणूस महाराष्ट्रातील ब्राह्मण होता म्हणून दक्षिण महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांची घरे आणि मालमत्ता यांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीवरही जमाव आला आणि कारखान्यास आग लावण्यात आली. अडतीस वर्षे खपून उभे केलेले डोळ्यांदेखत पेटले. ज्या कारखान्याने मुलखातील शेतकऱ्यासाठी नांगर ओतला, ज्याने जातिभेद मानला नाही, त्यावर जातीच्या नावाने आग यावी हा दैवदुर्विलास होय.

लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे होते. या वयात मनाने खचून जाणे स्वाभाविक होते. परंतु किर्लोस्करवाडी उठली नाही, ओसही पडली नाही. राख बाजूला सारून कारखाना पुन्हा उभा करण्यात आला आणि पुन्हा चालू झाला. आग लावणारे जसे याच मुलखातले होते, तसे भट्टी पुन्हा पेटविणारे हातही याच मुलखातले होते. जळालेल्या जागी सूड न उगारता काम उभे करणे, हे लक्ष्मणरावांच्या वाडीने करून दाखविले. त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजा गेला, संस्थान गेले. पण राजाने दिलेल्या माळावरील गाव राहिले.

अखेर

लक्ष्मणरावांचे देहावसान २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे झाले. ते ८७ वर्षे जगले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. वाडीतील लहानथोर त्यांस 'पपा' म्हणत. ज्याच्या घरी साऱ्या गावाने मुलासारखे यावे असा तो माणूस होता.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. शंभर वर्षे उलटून गेली तरी तेथे कारखाना चालू आहे आणि पंप तयार होत आहेत. पुणे-मिरज मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशास स्टेशनची पाटी आणि हिरवी झाडी दिसते. या झाडीच्या जागी एके काळी निवडुंग होता, हे सांगितल्याखेरीज कळत नाही. गावातील तरुणांनी, विशेषतः ज्यांना धंदा करण्याची उमेद आहे त्यांनी, एकदा तेथे जरूर जाऊन यावे.

तात्पर्य

लक्ष्मणरावांच्या आयुष्यात तीन वेळा वाट बंद झाली. डोळ्यांच्या दोषाने चित्रकला गेली, अन्यायाने नोकरी गेली, आणि शहराच्या वाढीत कारखान्याची जागा गेली. चौथ्या वेळी आगीने कारखाना गेला. प्रत्येक वेळी त्यांनी गेलेल्या वस्तूपाशी रडत न बसता हातात जे उरले त्यातून पुढचे काम उभे केले. रंग गेला तर रेघ उरली. नोकरी गेली तर विद्या उरली. जागा गेली तर माणसे उरली. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात, ते दगडाइतकेच माणसालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट दात्यांविषयी. औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि पैसा दिला नसता तर एवढा गुणी माणूसही कोठे तरी कारकुनी करीत राहिला असता. आणि लक्ष्मणरावांनी त्या पैशाचे सोने केले नसते तर राजाचे औदार्यही वाया गेले असते. देणाऱ्याने विश्वासाने द्यावे आणि घेणाऱ्याने त्या विश्वासास जागावे, तेव्हा कार्य सिद्धीस जाते. मंदिराच्या कामात ज्यांनी हजारांनी दिले, ज्यांनी पायली-दोन पायली धान्य दिले आणि ज्यांनी दोन दिवस घमेली उचलली, त्या सर्वांचे देणे याच मापाने मोजावयाचे.

सभामंडप पुरा झाला म्हणजे काम संपत नाही. त्या मंडपाच्या सावलीत बसून गावाने पुढे काय करावयाचे ते ठरवावे. औंधच्या एका सभामंडपाच्या कामातून एक गाव उभे राहिले. आपल्या मंडपातूनही गावाच्या मुलाबाळांच्या हाताला काम देणारे, माणसामाणसांत भेद न करणारे एखादे कार्य उभे राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.